ओल्या चादरीवरची तारीख

माझी मावशी गेल्या हिवाळ्यात एका निसर्गोपचार केंद्रात दहा दिवस राहून आली. परतली तेव्हा चेहरा टवटवीत होता, वजन तीन किलो उतरलं होतं, उपाशीपोटीची साखर कित्येक वर्षांत नव्हती इतकी खाली आली होती. तिथे तिला कुणीतरी पटवलं होतं की गोळ्या हेच खरं विष आहे, त्या थांबवल्या की शरीर आपलं आपण सावरतं. तिने मधुमेहाची आणि रक्तदाबाची, दोन्ही औषधं बंद केली. अडीच महिन्यांनी पायाच्या अंगठ्याची जखम चिघळली आणि तिला भरती करावं लागलं, तेव्हा साखर चारशेच्या घरात होती. अंगठा वाचला. पण ती खाटेवर असतानाच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. थोरले काका लिहितात, निसर्गोपचार ही आपली पाच हजार वर्षांची विद्या आहे, हिनेच पथ्य मोडलं असणार. मावसभाऊ लिहितो, सगळं थोतांड आहे, असली केंद्रं बंदच केली पाहिजेत. हाच वाद दरवर्षी १८ नोव्हेंबरला, निसर्गोपचार दिनाच्या आसपास, मी भाषणांतून आणि लेखांतून ऐकत आलो आहे. दोन्ही बाजू तो फार वाईट रीतीने घालतात. दोघांच्याही बोलण्यात एकही तारीख नसते.

आणि या विषयात तारीख हाच सगळा मुद्दा आहे. निसर्गोपचाराच्या आद्य प्रवर्तकांनी औषध नाकारलं ते त्यांच्या काळातलं औषध होतं, आणि ते नाकारणं बहुतेक वेळा शहाणपणाचं होतं. आज त्यांचं नाव घेऊन इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या नाकारणाऱ्या माणसाला वाटतं की आपण त्यांच्याच वाटेने चाललो आहोत. पण त्यांच्या पुढ्यात जे होतं ते त्याच्या पुढ्यात नाही. उलट, त्या प्रवर्तकांना सरसकट भोंदू ठरवणारा माणूस हे विसरतो की त्यांच्या काळी डॉक्टरांपेक्षा त्यांच्याकडे जाणं अनेकदा सुरक्षित होतं.

१७९९ सालापासून सुरुवात करू. त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन घशाच्या आजाराने अंथरुणाला खिळले. देशातले नावाजलेले डॉक्टर उशाशी होते. त्यांनी बारा तासांच्या आत दोन लिटरहून अधिक रक्त काढलं, पाऱ्यापासून बनवलेलं कॅलोमेल दिलं, ओकारीचं औषध दिलं. रात्री वॉशिंग्टन गेले. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. त्या काळचं सर्वोत्तम वैद्यक हेच होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या सिलेशियाच्या डोंगरात ग्रेफेनबर्ग नावाच्या वाडीत एका शेतकऱ्याच्या घरी व्हिन्सेंट्स प्रीसनित्सचा जन्म झाला. सतराएक वर्षांचा असताना गाडीखाली सापडून त्याच्या बरगड्या मोडल्या. शल्यवैद्याने सांगितलं, पुन्हा कामाला उभा राहणार नाहीस. पोराने वैद्याचा लेप फेकून दिला, खुर्चीच्या कडेला छाती दाबून श्वास कोंडून बरगड्या जागेवर आणल्या आणि गार पाण्याच्या ओल्या पट्ट्या बांधल्या. तो बरा झाला. मग शेजाऱ्यांची गुरं, मग शेजारी, मग सारा युरोप त्याच्या दारात उभा राहिला. १८३९ पर्यंत ग्रेफेनबर्गला वर्षाकाठी दीड हजाराच्या आसपास रुग्ण येत होते, आणि ही पद्धत बघायला शंभरावर डॉक्टरही येऊन गेले होते.

ते करत काय होते? ओल्या चादरीत गुंडाळणं, घाम काढणं, थंड पाण्याची धार अंगावर घेणं, डोंगरात चालणं, लाकडं फोडणं, जाडंभरडं खाणं, दूध पिणं, दारू वर्ज्य. सरदार-उमराव कुऱ्हाड घेऊन ओंडके फोडत होते. आसपासच्या डॉक्टरांनी तक्रारी केल्या, प्रकरण कचेरीत गेलं. प्रीसनित्स ज्या स्पंजने रुग्णांना पुसायचा त्यातच काही जादू असेल म्हणून तो स्पंजसुद्धा तपासला गेला. त्यात पाण्याशिवाय काही सापडलं नाही. या प्रसंगाकडे मी पुन्हापुन्हा वळतो. अडाणी शेतकऱ्याच्या हातात काहीच नाही, नुसतं पाणी आहे, आणि तरी लोक बरे होतात, याचा अर्थ काय? प्रीसनित्सच्या भक्तांनी अर्थ लावला की पाण्यात सर्व रोग हरण्याची शक्ती आहे. मला वाटतं, त्याहून मोठा अर्थ समोर होता. या माणसाने रुग्णांचं रक्त काढणं आणि त्यांना पारा खाऊ घालणं थांबवलं होतं. जे शरीर मोकळं सोडल्यावर सावरलं असतं, त्याला त्याने सावरू दिलं.

पॅरिसमध्ये पिएर लुई नावाचे डॉक्टर नेमकी हीच शंका दुसऱ्या बाजूने तपासत होते. न्यूमोनियाच्या रुग्णांचं रक्त कधी काढलं आणि पुढे त्यांचं काय झालं, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या, मोजल्या, आणि १८३५ मध्ये छापून टाकलं की रक्त काढण्याचा फायदा मानला जातो त्याच्या जवळपासही नाही. एक शेतकरी आणि एक डॉक्टर एकाच चुकीवर बोट ठेवत होते. फरक इतकाच की डॉक्टरने मोजलं. आपल्या वादाचं सगळं मर्म या फरकात आहे, त्याकडे मी परत येईन.

प्रीसनित्सनंतरची पिढी जर्मन भाषिक मुलखात पसरली. बव्हेरियातला विणकराचा मुलगा सेबास्टियन क्नाइप धर्मशास्त्र शिकत असताना खोकल्याने आणि अशक्तपणाने इतका खंगला की सगळ्यांनी आशा सोडली. त्याला पाण्याच्या गुणांवरचं एक जुनं पुस्तक सापडलं, आणि १८४९ च्या थंडीत तो डॅन्यूब नदीत बुडी मारून घरी धावत जाऊ लागला. त्याला क्षयच होता का, हे कुणीही सांगू शकत नाही, कारण क्षयाचा जिवाणू सापडायला अजून ३३ वर्षं होती. पण तो जगला, पाद्री झाला, वोरिसहोफेनला स्थिरावला, आणि त्याचं पाण्याच्या उपचारावरचं १८८६ चं पुस्तक घरोघर गेलं. त्याच्यावरही भोंदूगिरीचे आरोप झाले. तरी त्याची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: तो उत्तरोत्तर मवाळ होत गेला. आपण सुरुवातीला रुग्णांना फार कठोर उपचार दिले असं त्याने स्वतःच कबूल केलं आणि पाण्याचं प्रमाण, वेळ, गारठा कमी करत आणला. स्वतःची पद्धत बदलणारा प्रवर्तक होता तो. स्वित्झर्लंडचा आर्नोल्ड रिक्ली आजच्या स्लोव्हेनियातल्या ब्लेडच्या तळ्याकाठी लोकांना उघड्या अंगाने ऊन आणि वारा घ्यायला लावत होता. लाइपझिगमध्ये लुई कुन्हेने १८८३ मध्ये आपलं केंद्र उघडलं. हार्ट्झच्या डोंगरात पुस्तकविक्रेता ॲडॉल्फ युस्ट मातीच्या पट्ट्या बांधू लागला. यांच्यात वैद्यकाची पदवी असलेला कुणी नव्हता.

आता काकांच्या पाच हजार वर्षांकडे येऊ. आपल्याकडे लंघन होतं, लेप होते, अभ्यंग होतं, आजीच्या हातची ओली पट्टी होती, हे अगदी खरं. पण निसर्गोपचार केंद्रात मावशीला जे टब दाखवले गेले, ते कटिस्नान, ते घर्षणस्नान, 'सगळ्या रोगांचं मूळ एकच, पोटात साचलेलं विजातीय द्रव्य' हे सूत्र, यातलं काहीही चरकात नाही. ते कुन्हेच्या १८९१ च्या पुस्तकात आहे. ते पुस्तक तीनच वर्षांत तेलुगूत आलं, १९०४ मध्ये बिजनौरच्या श्रोती किशनस्वरूप यांनी हिंदी-उर्दूत आणलं, आणि तिथून आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत शिरलं. 'नॅचरोपथी' हा शब्द तर न्यूयॉर्कचा आहे. जॉन शील यांनी तो १८९५ मध्ये घडवला आणि क्नाइपचा शिष्य बेनेडिक्ट लुस्ट याने त्याचे हक्क विकत घेतले. १९०१ मध्ये लुस्टने त्याच शहरात त्या नावाची शाळा काढली. यात आपल्याला कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही. बटाटा, मिरची, हार्मोनियम बाहेरून आलं आणि आपलं झालं. पण एखादी गोष्ट अनादी आहे असं म्हटलं की तिला प्रश्न विचारता येत नाही. ती १८९१ ची आहे म्हटलं की लगेच विचारता येतं: बरं, १८९१ मध्ये आणखी काय चाललं होतं?

बरंच काही चाललं होतं. १८८२ मध्ये बर्लिनला रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जिवाणू दाखवला होता. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी घटसर्पावरच्या प्रतिविषाचा मार्ग शोधला होता. म्हणजे बर्लिनमध्ये रोगांची वेगवेगळी कारणं एकेक करून सापडत होती, नेमक्या त्याच वर्षांत लाइपझिगला कुन्हे सांगत होता की रोग एकच आहे आणि तो चेहऱ्यावरून ओळखता येतो. प्रीसनित्सच्या काळी रक्त काढण्याला नकार देणं म्हणजे चुकीला नकार देणं होतं. कुन्हेच्या काळी जिवाणूला नकार देणं म्हणजे समोर आलेल्या पुराव्याला नकार देणं होतं. दोघं एकाच परंपरेतले, पण मधल्या साठ वर्षांत त्यांच्या नकाराचा अर्थ उलटा झाला.

इथे मावसभावाला खूश व्हायचं कारण नाही. त्याच्या 'सगळं थोतांड'ला उत्तर आहे, आणि ते भक्कम आहे. रिक्लीच्या उन्हाची त्याच्या काळी टवाळी झाली. १९०३ मध्ये डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केल्याबद्दल नोबेल मिळालं. १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवून त्यांची हाडं सुधारताना क्ष-किरणांत दाखवली. जर्मन डॉक्टर एर्न्स्ट ब्रांट यांनी १८६१ पासून विषमज्वरात गार पाण्याच्या स्नानांची पद्धत मांडली आणि ती पुढे मोठमोठ्या रुग्णालयांत रूढ झाली. मोकळी हवा, चालणं, कोंड्यासकटचं धान्य, तंबाखू आणि दारू सोडणं, झोप: आज कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर खाली जे लिहिलेलं असतं ते दीडशे वर्षांपूर्वी ही पदवी नसलेली माणसं ओरडून सांगत होती, आणि पदवी असलेली माणसं ऐकत नव्हती. हे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिलं पाहिजे.

पण मग निरीक्षण आणि ज्ञान यांच्यातलं अंतर कसं तुटतं? इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातली १९५६ ची गोष्ट आठवते. वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हात नेत. एका पिवळ्या बाळाचं अंग उन्हात राहिलेल्या जागी कमी पिवळं दिसतंय आणि दुपट्याखालचा तुकडा तसाच पिवळा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. 'सूर्यदेवता सर्व रोग हरते' असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टरांनी रक्तातलं बिलिरुबिन मोजलं, प्रकाशाचा रंग बदलून पाहिला, दिवा बनवला, १९५८ मध्ये निष्कर्ष छापले. आज कोल्हापुरापासून चंद्रपुरापर्यंत कावीळ झालेली तान्ही बाळं निळ्या दिव्याखाली ठेवली जातात ती त्यामुळे. ऊनच ते. पण कुठल्या रोगात, किती वेळ, कुठल्या रंगाचं, हे ठरल्यावर त्याचा उपचार झाला.

निसर्गोपचाराच्या मुख्य प्रवाहाने हे पाऊल टाकलं नाही, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. या परंपरेत एक विचार खोल रुजला: उपचारानंतर रुग्ण सुधारला तर पद्धत खरी; बिघडला तर आतलं विष बाहेर पडतंय, म्हणजेही पद्धत खरी; दगावला तर फार उशिरा आला होता. केंद्रांमध्ये आज याला 'हीलिंग क्रायसिस' म्हणतात. मावशीच्या पायाला जखम झाली तेव्हा तिने फोन केला होता. तिला हेच सांगण्यात आलं, घाबरू नका, विष निघतंय. जी गोष्ट कुठल्याही निकालाने खोटी ठरू शकत नाही ती खरी आहे हे तरी कसं कळणार? याची सर्वांत भयंकर किंमत अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओलाला गावी मोजली गेली. लिंडा हॅझर्ड नावाच्या बाईंनी उपवासाने सर्व रोग बरे होतात असं १९०८ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं. १९११ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या दोन इंग्रज बहिणींपैकी एक उपासमारीने मेली, दुसरी हाडांचा सापळा होऊन वाचली. हॅझर्डना १९१२ मध्ये शिक्षा झाली. सुटल्यावर त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं, आणि १९३८ मध्ये स्वतःवर उपवासाचा उपचार करता करता त्या गेल्या. म्हणजे त्यांचा विश्वास खोटा नव्हता. प्रामाणिकपणा पुरत नाही, इतकंच त्यातून दिसतं. आणि शुद्धीचं वेड शरीरापाशी थांबतंच असंही नाही: अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामाच्या ज्या डॉ. केलॉगने कोंडा आणि व्यायामाचा आग्रह धरला, त्यानेच वंशसुधारणेची संस्था काढली, आणि १९३४ मध्ये ड्रेस्डेनला निसर्गोपचाराचं मोठं रुग्णालय हिटलरचा उपनेता रूडोल्फ हेस याच्या नावाने उभं राहिलं.

आपल्याकडे हा वाद गांधीजींशिवाय होत नाही, आणि गांधीजींचं नाव दोन्ही बाजूंनी अर्धवट घेतलं जातं. १९०२ मध्ये मुंबईत गिरगावात बिऱ्हाड केल्या केल्या त्यांचा दहा वर्षांचा मणिलाल विषमज्वराने आणि न्यूमोनियाने आजारी पडला. पारशी डॉक्टर म्हणाले, अंडी आणि कोंबडीचं सूप द्या. गांधींनी नकार दिला. कुन्हेची कटिस्नानं दिली, संत्र्याचा रस पाण्यात मिसळून दिला. ताप १०४ वर गेला तेव्हा मुलाला ओल्या चादरीत गुंडाळलं, वर कांबळी टाकली, आणि स्वतः घाबऱ्या मनाने चौपाटीवर जाऊन आले. परतले तर मुलाला घाम फुटला होता. मणिलाल वाचला. निसर्गोपचाराचे प्रचारक ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि विवेकवादी मंडळी ती बापाच्या हट्टाचा नमुना म्हणून सांगतात. दोघांनीही साल बघितलेलं नसतं. १९०२ मध्ये विषमज्वरावर औषध नव्हतं. अंडी आणि सूप हे औषध नव्हे. गार पाण्याचं स्नान तर त्या काळच्या रुग्णालयांतही दिलं जात होतं. गांधी दोन निरुपायांमधून एक निवडत होते, आणि डॉक्टरला मुलाची नाडी तपासायला येऊही देत होते. विषमज्वर बरा करणारं क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ मध्ये आलं. ज्या दिवशी ते गिरगावातल्या औषधाच्या दुकानात मिळायला लागलं, त्या दिवसापासून त्याच चादरीचा अर्थ बदलला. चादर तीच, ताप तोच, बापाचं प्रेमही तेच. पण आता तिच्यावर नुसतं विसंबून राहणं हा निरुपाय राहिला नाही.

दोन वर्षांनंतरची जोहान्सबर्गची गोष्ट याहून बोलकी आहे. १९०४ मध्ये तिथे फुप्फुसाचा प्लेग आला. नगरपालिकेने दिलेल्या एका रिकाम्या गोदामात २३ रुग्ण ठेवले होते. त्यांना ब्रँडी द्यायची अशी सूचना होती. डॉ. गॉडफ्रे यांच्या परवानगीने गांधींनी ब्रँडीविना राहायला तयार असलेल्या तिघांच्या डोक्याला आणि छातीला ओल्या मातीच्या पट्ट्या बांधल्या. त्यातले दोन वाचले. बाकीचे वीस त्या गोदामातच गेले. मातीच्या पट्टीसाठी याहून प्रभावी जाहिरात कुणाला सापडणार? पण आत्मकथेत गांधींनी पुढे लिहिलं आहे की या अनुभवाने मातीवरचा माझा विश्वास वाढला आणि ब्रँडीबद्दलची शंका वाढली, मात्र त्या विश्वासाला किंवा शंकेला भक्कम आधार नाही हे मला ठाऊक आहे. किती मोठी कबुली आहे ही! तीन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, कदाचित ते तिघे आधीच जरा बळकट असतील, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या नावाने शिबिरं भरवणाऱ्यांपैकी कुणी हे वाक्य भिंतीवर लावलं आहे?

तीन माणसांपुढे जायचं कसं, हे त्याआधी सात वर्षं मुंबईतच दाखवून झालं होतं. जानेवारी १८९७ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, जिथे प्लेग शिरला होता, तयार झालेल्या कैद्यांना ती टोचली आणि टोचलेल्या व न टोचलेल्या कैद्यांत काय फरक पडतो ते पाहिलं. कैद्यांची संमती ती कसली, हा प्रश्न आज विचारलाच पाहिजे. तरीही तुलना करायला दुसरा गट हवा, ही समज तिथे होती, आणि गोदामात नव्हती.

गांधींचा स्वतःचा प्रवासही सरळ रेषेत गेलेला नाही. १९०९ मध्ये रुग्णालयं पाप पसरवतात असं लिहिणारे गांधी १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससूनमध्ये आणले गेले आणि कर्नल मॅडॉक यांच्या सुरीखाली आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी झोपले. वीज गेली, कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी झाली. त्यांनी नंतर मॅडॉक यांचे आभारच मानले. पण १९३० मध्ये साबरमती आश्रमात देवीची साथ आली, तेव्हा लस न टोचण्याचं त्यांचं मत कायम राहिलं आणि आश्रमातली लहान मुलं दगावली. त्यांना त्याचं अतोनात दुःख झालं. मी गांधींचा फार आदर करतो, आणि म्हणूनच हे लिहिताना हात जड होतो: इथे ते चुकले. देवीवर ऊन, माती, पाणी यांपैकी कशाचाही इलाज नव्हता आणि लसीचा होता, हे १९३० मध्ये जगाला सव्वाशे वर्षं माहीत होतं. १९७५ मध्ये भारतातून देवी गेली ती दारोदार फिरून टोचणाऱ्यांमुळे गेली.

कुणी म्हणेल, क्षयाचं काय? मोकळी हवा, आराम, दूध-तूप यांवर उभी राहिलेली आरोग्यधामं तर डॉक्टरांनीच चालवली. बरोबर. पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये बेल-एअर सुरू केलं, तेव्हा क्षयावर दुसरं काही नव्हतंच, आणि स्वच्छ हवेत विश्रांती हीच मोठी आशा होती. मग औषधं आली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मद्रासमध्ये एक प्रयोग झाला, ज्याबद्दल शाळेत शिकवलं जायला हवं. गरीब रुग्णांचे दोन गट केले. एक आरोग्यधामात, चांगलं खाणं, हवा, आराम. दुसरा आपल्या कोंदट झोपड्यांत, मिळेल ते खाऊन, कामही करत. औषधं दोघांना तीच. वर्षभराने दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. १९५९ मध्ये हा निष्कर्ष छापला गेला आणि जगभर क्षयाचे उपचार घरी राहून होऊ लागले. ज्या देशात कोट्यवधी लोकांना पाचगणी परवडणार नव्हती, त्या देशासाठी याहून दयाळू निष्कर्ष दुसरा नव्हता. हवा आणि अन्न वाईट आहे असं यातून ठरत नाही. क्षयाच्या जिवाणूला मारायला ते पुरत नाही आणि गोळी पुरते, एवढंच ठरतं.

विरोधातला सर्वांत जोरकस मुद्दा अजून बाकी आहे. आजचं आधुनिक वैद्यक तरी निर्मळ आहे का? बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भाशयं काढली गेली, हे २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलं. सर्दीला प्रतिजैविकं लिहिली जातात, नको त्या तपासण्या होतात, रुग्णाशी दोन मिनिटं बोलायला कुणाला सवड नसते. निसर्गोपचार केंद्रात मावशीला दहा दिवस कुणीतरी रोज विचारत होतं, काल झोप लागली का, भूक लागते का, मनात काय चाललंय. तिच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी चौदा वर्षांत हे विचारलं नव्हतं. हे सगळं मला मान्य आहे, आणि त्याचा राग मलाही येतो. पण बीडच्या अन्यायाला उत्तर काय? ज्यांची गरज नव्हती त्या शस्त्रक्रिया थांबवणं, करणाऱ्यांना जाब विचारणं, मोजणं, उघड करणं. गोळ्यांचा धंदा करणारा लुटारू आहे, म्हणून ती गोळी काम करत नाही असं होत नाही. पिएर लुईंनी रक्त काढण्याच्या चुकीला उत्तर दिलं ते वैद्यक सोडून नव्हे, वैद्यकाच्या आत बसून, वही उघडून.

आपल्या मातीतही अशी माणसं होती, हे आपण विसरतो. ज्या १९२४ मध्ये ससूनला कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया, करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिलं, आतड्यातला दाब मोजला, निष्कर्ष 'योगमीमांसा'त छापले. जे सापडलं नाही तेही सांगितलं. आणि उरुळीकांचन: २२ मार्च १९४६ ला गांधीजी तिथे उतरले, कारण पुण्यासारख्या शहरात गरिबांसाठी निसर्गोपचार चालवता येईल हा आपला विचार चुकला असं त्यांना वाटलं होतं. आज दहा दिवसांच्या 'डिटॉक्स'साठी शेतमजुराच्या वर्षाच्या कमाईइतके पैसे मागणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. तो आश्रम ज्यांच्यावर सोपवला ते मणिभाई देसाई रुग्णांना ऊन-पाणी देता देता गावाच्या गरिबीकडे वळले, आणि १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही ग्रामविकासाची संस्था उभी केली. संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतन दारोदार नेलं. निसर्गोपचाराच्या आश्रमातून निघालेल्या माणसाला विज्ञानाची अडचण वाटली नाही. गावाला काय लागतं हे बघून त्याने हातात येईल ते हत्यार उचललं.

मावशीला परवा भेटलो. अंगठ्याची पट्टी सुटली आहे. सकाळी पाऊण तास चालते, रात्री भाकरी-भाजी आठच्या आत खाते, पोटावर ओली पट्टी बांधायचं तिने सोडलेलं नाही, कारण तिला त्याने झोप लागते. तिच्याकडे एक शंभर पानी वही आहे. तीत तिने पट्टीने रेघा मारून रकाने पाडले आहेत: साखर, चालणं, जेवण, झोप, आणि शेवटचा रकाना गोळ्यांचा. त्या केंद्रातून तिला पुढच्या शिबिरासाठी फोन आला होता. तिने त्यांना एकच प्रश्न विचारला, माझ्याबरोबर त्या दहा दिवसांत जे बाविसजण होते ते आता कसे आहेत? पलीकडून सांगितलं, तशी नोंद आम्ही ठेवत नाही. मावशी म्हणाली, मग ठेवायला लागा, मी माझी वही देते.